ऊन लागलं की डोक्याला मार? मैदानावरच्या या चुका टाळा

मे महिन्यातल्या नागपुरात खेळणाऱ्या पोराला मळमळलं, डोकं दुखलं, गरगरलं की निदान तयारच असतं: ऊन लागलं. सावलीत बसवा, कैरीचं पन्हं पाजा, बरं वाटलं की परत मैदानात. पण मेंदूला हादरा बसला, म्हणजे कन्कशन झालं, तरी हीच लक्षणं दिसतात. त्यामुळे समर कॅम्पमध्ये ‘पाणी प्यायलास का?’ याच्या जोडीला ‘कुठे आपटलास, कुणाशी धडकलास?’ हेही विचारा. आणि ते त्याच्याबरोबर खेळणाऱ्या दोघा-तिघांनाही विचारा, कारण ज्याला मार लागला त्याला तो आठवेलच असं नाही. धडक झाली होती असं कळलं, तर उन्हाचे उपाय करा, पण त्या दिवसाचा खेळ संपला.

‘बेशुद्ध तर नाही पडला ना!’

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. कन्कशन झालेल्या बहुतेक मुलांची शुद्ध हरपतच नाही. टेंगूळ येईलच असंही नाही. मार थेट डोक्यालाच लागावा लागतो, हेही खरं नाही. कबड्डीच्या पकडीत पोरगा खांद्यावर आपटला आणि मानेला जोराचा झटका बसला, तरी कवटीच्या आत मेंदू हलतो.

पाहायचं ते वेगळंच. उठायला वेळ लावतोय का, पाय अडखळतायत का, नजर हरवल्यासारखी आहे का, आपली जागा विसरलाय का, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय का, उगाच रडतोय किंवा चिडतोय का. मोठ्या मुलांना विचारा: आपण कोणत्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कुणी केला? मागची मॅच जिंकलो की हरलो? लहानांना हे प्रश्न जड जातात. त्यांना टीचरचं नाव विचारा, जेवण व्हायचंय की झालं ते विचारा. उत्तर चुकलं तर शंका पक्की. मात्र सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून पोरगा सुटला असं समजू नका.

निर्णय पोरावर सोडणं

‘काही नाही झालं सर, खेळतो ना मी.’ जिल्हा संघाची निवड तोंडावर असेल तर कोणताही पोरगा हेच म्हणणार. त्यात त्याचा दोष नाही, त्याला विचारणाऱ्याचा आहे. शंका आली की बाहेर आणि त्या दिवशी परत नाही, हा नियम कॅम्पच्या पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगून टाका. मग ऐन मॅचमध्ये वाद होत नाही.

लक्षणं उशिरा येतात, हे दुसरं कारण. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्स कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणीत तो ठीक निघाला, परत येऊन खेळला आणि ९२ वर बाद झाला. त्रास सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. डॉक्टर हाताशी असलेल्या संघाचं हे. आपल्या मैदानावर तर बर्फसुद्धा शोधावा लागतो. आणि पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित का होईना, मुलांचा मेंदू झपाट्याने सुजतो आणि जीवही जाऊ शकतो.

हेल्मेटवर विसंबू नका. ते कवटी वाचवतं, हादरा पूर्ण थांबवत नाही. किटबॅगेतलं सगळ्यांचं सामायिक, ढिलं हेल्मेट तर तेवढंही धड करत नाही.

गाडीवर मधे बसवून नेणं

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जड झालेली जीभ, हातापायांत कमजोरी किंवा मुंग्या, डोळ्याची एक बाहुली मोठी, मान दुखणं, गुंगी वाढणं: यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. मेडिकल, मेयो, नागपूरच्या या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे न्यायचं, पण दोघांच्या मधे दुचाकीवर बसवून नाही. मानेला मार असू शकतो, म्हणून त्याला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. कांदा हुंगवत बसण्यात वेळ घालवू नका.

‘सीटी नॉर्मल आहे, उद्यापासून प्रॅक्टिस’

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूचं काम. ते त्या चित्रात सहसा येत नाही. घरी पहिले काही तास पोराला एकटं ठेवू नका. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या, रात्रभर जागवण्याची गरज नाही. डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन देऊ नका.

याच्या उलट टोकाची चूकही होते: पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत. पूर्ण विश्रांती नकोच. पहिले २४ ते ४८ तास धावपळ आणि मोबाइल कमी, मग चालणं, मग हलका व्यायाम. शाळा आधी, खेळ नंतर. खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान २४ तास. त्रास वाढला की एक पायरी मागे. धडकेचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. तेवढे दिवस क्लासटीचर आणि ट्यूशनच्या सरांना कळवून ठेवा, कारण फळ्यावरचं उतरवून घेताना डोकं दुखणारा पोरगा त्यांना कामचोरच वाटतो.