छोट्या धावपट्टीची देखभाल-बंदी: तारीख ठरवण्यापासून फुली उचलेपर्यंत

पुणे परिसरात छोट्या विमानांची धावपट्टी सांभाळणाऱ्यांना ती अधूनमधून बंद ठेवून काम करावंच लागतं. मग ती बारामतीसारखी डांबरी असो की हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रासारखी गवताची. डांबराचं, मातीचं, रंगाचं काम करणारी माणसं मिळतात. गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी: वैमानिकाच्या हातातला नोटॅम (वैमानिकांसाठी निघणारी अधिकृत सूचना) एक वेळ सांगतो आणि धावपट्टीवर परिस्थिती दुसरीच असते. नोटॅम आणि जमीन यांनी प्रत्येक मिनिटाला एकच गोष्ट सांगायला हवी. पुढची सगळी पद्धत त्यासाठी आहे.

तारीख कधीची घ्यावी

डांबरी काम हस्ताचा पाऊस संपल्याशिवाय ठरवू नका. पाऊस थांबला तरी काठाची काळी माती पुढचे काही आठवडे ओल धरून असते आणि भरलेला हायवा तिच्यावर वळला की चाकाएवढी चरी पडते. दिवाळीचा आठवडाही सोडा, रोलरवाल्यापासून मजुरांपर्यंत सगळे गावी असतात. त्यामुळे नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर डांबराला ऊन मानवतं, पण एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव कधी गाठेल याचा भरवसा नसतो.

पावसाळ्यात चर साफ करणं, गवत कापणं, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बदलणं एवढंच करा. सोलापूर रस्त्यावरून मुरूम किंवा खडी येणार असेल तर पालख्यांचे दिवस आधी बघून घ्या. ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज या दोन्ही पालख्या हडपसरवरून जातात आणि त्या दिवशी तिथून ट्रक निघत नाही.

किती दिवस बंद ठेवायचं याबद्दल आमचं मत ठाम आहे. छोट्या धावपट्टीने पंधरा दिवस अर्धवट बंदी ठेवण्यापेक्षा पाच दिवस पूर्ण बंद राहावं. अर्धवट बंदीत रोज यंत्रं बाहेर काढा, रोज झाडा, रोज तपासा आणि रोज एक नवी चूक होण्याची शक्यता. लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद ठेवून धावपट्टीचं काम चाललं, तरी पृष्ठभागाच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला. तिथे दिवसाची प्रवासी वाहतूक थांबवणं अवघड होतं. फ्लाइंग स्कूलच्या धावपट्टीला ती अडचण नाही. स्कूलने विमानांच्या दर शंभर उड्डाण-तासांनी होणाऱ्या तपासण्या त्याच आठवड्यात लावल्या तर बंदीचे दिवस कारणी लागतात.

नोटॅम: साडेपाच तासांचा सापळा

धावपट्टीचा चालक मजकूर पाठवतो आणि मुंबईच्या नोटॅम कार्यालयातून तो निघतो. किमान पंधरा दिवस आधी पाठवा. काम तीन महिने किंवा त्याहून जास्त चालणार असेल, किंवा नकाशा जोडावा लागणार असेल, तर नोटॅम पुरत नाही, एआयपी सप्लिमेंट (हवाई माहितीच्या अधिकृत पुस्तकाची पुरवणी) लागतं.

नोटॅममधल्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. वेळ बदलताना बहुतेकांचं गणित बरोबर येतं, तारीख चुकते. सकाळी साडेपाचच्या आधीची कुठलीही वेळ यूटीसीमध्ये आदल्या दिवशीची होते. समजा, २४ नोव्हेंबर २०२६ ला पहाटे पाचपासून २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सहापर्यंत धावपट्टी बंद आहे. मजकूर असा जाईल (बी म्हणजे सुरुवात, सी म्हणजे शेवट, ई म्हणजे माहिती; आकडे वर्ष, महिना, तारीख, वेळ या क्रमाने):

बी) २६११२३२३३०
सी) २६११२८१२३०
ई) आरडब्ल्यूवाय ११/२९ सीएलएसडी ड्यू रीसरफेसिंग

ई चा अर्थ, धावपट्टी ११/२९ नव्या थरासाठी बंद. बी मध्ये २३ तारीख आहे, ती बरोबर आहे. घाईत तिथे २४ लिहिलं तर बंदी कागदावर २५ च्या पहाटे सुरू होते आणि २४ ला सकाळी सातला उतरायला आलेल्या शिकाऊ वैमानिकाला समोर पेव्हर (डांबर पसरवणारं यंत्र) दिसतो. म्हणून हिशेब दोघांनी वेगवेगळा करावा आणि मग ताडून पाहावा.

रोज पहाटे पाच ते दहा अशी बंदी असेल तर डी मध्ये, म्हणजे रोजच्या वेळांच्या ओळीत, डेली २३३०-०४३० येतं. अशा वेळी बी ही पहिल्या बंदीची सुरुवात आणि सी हा शेवटच्या बंदीचा शेवट असायला हवा. इथे सी येईल २६११२८०४३०. शेवटच्या दिवशी सवयीने संध्याकाळची वेळ टाकू नका.

शेवटाची खात्री नसेल तर सी च्या पुढे ईएसटी (म्हणजे अंदाजे) लावता येतं, पण मग ती वेळ येण्याआधी नोटॅम बदलणं किंवा रद्द करणं ही तुमची जबाबदारी. आम्ही शक्यतो ईएसटी टाळतो आणि दोन तास जास्तीचे धरून पक्की वेळ देतो. काम लवकर संपलं तर नोटॅम रद्द करता येतो. उशीर होतोय असं दिसलं तर मुदत संपायच्या आत बदली नोटॅम पाठवा. मुदत संपलेला नोटॅम बदलता येत नाही, नवा काढावा लागतो आणि मधल्या वेळात कागदावर धावपट्टी खुली असते.

आणखी एक गोष्ट पुणे जिल्ह्यात हमखास आडवी येते. मंत्र्यांचे दौरे हेलिकॉप्टरने होतात. संपूर्ण विमानतळ बंद असं लिहिलं, म्हणजे क्यू-संकेत (नोटॅमचा विषय सांगणारी ठरावीक अक्षरं) एफएएलसी, तर एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) हेलिकॉप्टरही उतरू शकत नाही. फक्त धावपट्टी बंद असेल तर संकेत एमआरएलसी घ्या आणि हेलिकॉप्टरला पूर्वपरवानगीने एप्रन वापरता येईल का, ते ई मध्ये स्पष्ट लिहा. नाहीतर ऐनवेळी फोनाफोनी सुरू होते.

नोटॅम निघाल्यावर छापील मजकूर पुन्हा वाचा. जे पाठवलं तेच निघालं असं गृहीत धरू नका.

सूचना-फलक आणि व्हॉट्सॲप

वैमानिकांच्या गटावर जाणारी सूचना नोटॅमची जागा घेत नाही, पण रोजचा व्यवहार तिच्यावरच चालतो. प्रत्येक सूचनेला क्रमांक द्या. वेळ भारतीय आणि यूटीसी अशी दोन्ही लिहा. काय बंद आहे याबरोबर काय चालू आहे तेही लिहा: इंधन, हँगर, टॅक्सीवे (धावपट्टीकडे जायचा विमानांचा रस्ता). शेवटी पुढची सूचना किती वाजता येईल ते सांगा आणि काही बदललं नसलं तरी त्या वेळी ती टाका. सूचना आली नाही की लोक अंदाज बांधतात. जुनी सूचना तशीच राहिली तर कोणीतरी तीच पुढे पाठवतो, म्हणून नवी टाकताना वर ‘सूचना ३ रद्द’ असं लिहायचं.

बाहेर गेलेली विमानं बंदीच्या आदल्या दिवशी परतली पाहिजेत. हँगरमधल्या नोंदवहीवरून यादी काढा आणि प्रत्येक विमानामागे एक नाव लिहा. परतीला उशीर झाला तर लोहगावला उतरू, असा हिशेब कोणी धरू नये. तो हवाई दलाचा तळ आहे आणि परवानगीशिवाय तिथे जागा मिळत नाही.

फुली आणि खुणा

बंद धावपट्टीवर पांढरी फुली, बंद टॅक्सीवेवर पिवळी. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक आणि मध्ये ३०० मीटरपेक्षा जास्त अंतर राहणार नाही अशा. कापडी फुली घ्या, प्लॅस्टिक वाऱ्याने उडतं. ती वाळूच्या पिशव्यांनी दाबा. दगड ठेवू नका, उचलताना एखादा राहतो आणि नंतर प्रोपेलरला लागतो. गवती पट्टीवर मैदान आखायची फक्की चालते, पण पावसाची एक सर आली की पुन्हा मारावी लागते.

धावपट्टीचे दिवे आणि पापी (उतरण्याचा कोन दाखवणारे दिवे) बंदीच्या काळात लावायचे नाहीत, दुरुस्तीपुरते लावले तर तेवढेच. खोदलेल्या जागेभोवती किमान अर्धा मीटर उंचीचे लाल किंवा केशरी शंकू आणि रात्री लाल दिवे. आत येणाऱ्या प्रत्येक वाहनावर केशरी-पांढऱ्या चौकटींचा, बाजू किमान ०.९ मीटर असलेला झेंडा किंवा लुकलुकणारा पिवळा दिवा. रेडिओ नसलेली विमानं येत असतील तर सिग्नल चौकात (विमानतळावर वरून दिसणाऱ्या खुणांच्या चौकोनात) लाल पाटीवर दोन पिवळे तिरपे पट्टे ठेवा, म्हणजे उतरायला मनाई. एकच पट्टा ठेवला तर अर्थ बदलतो: उतरा, पण जपून.

क्रम कधीच उलटा करू नका. आधी नोटॅमची वेळ सुरू होते, मग शेवटचं विमान उभं राहिल्याची खात्री, मग फुल्या आणि त्यानंतरच पहिलं वाहन आत.

डांबर टाकताना

दुपारी तीनला हवामान खात्याचा अंदाज बघून रात्रीचं किंवा दुसऱ्या सकाळचं काम होणार की नाही ते ठरवा. प्लांटवरून निघालेला माल परत घेतला जात नाही. शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते, म्हणून ट्रकचा मार्ग आणि वेळ ठेकेदाराकडून लेखी घ्या. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पेव्हरमध्ये १४० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला नको आणि रोलिंग ९० च्या आत येण्यापूर्वी संपलं पाहिजे. प्रत्येक ट्रकचं तापमान मोजा. थंड झालेला ट्रक परत पाठवायला जीवावर येतं, पण तो माल दाबला जात नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच खडी सुटते. हिवाळ्यात पहाटे पृष्ठभागावर दव असतं. हात फिरवून बघा, ओला लागला तर थांबा.

रोज उड्डाणं चालू ठेवून थर टाकायचा असेल तर नियम कडक आहेत. प्रत्येक पाळीत पूर्ण रुंदी झाली पाहिजे. नव्या-जुन्या थराच्या जोडावर उतार हवा: ५ सेंटिमीटरपर्यंतच्या थराला ०.५ ते १ टक्का, त्याहून जाड थराला ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नको. म्हणजे ४ सेंटिमीटरच्या थराला कमीत कमी ४ मीटर आणि ६ सेंटिमीटरच्या थराला कमीत कमी १२ मीटर लांबीचा उतार. बहुतेक विमानं नव्या थरावरून जुन्यावर, उताराने खाली जातील अशा टोकाकडून काम सुरू करा. उन्हाळ्यात इथे वारा पश्चिमेचा असतो, पण नोव्हेंबरात सकाळी तो फिरतो. स्वतःच्या नोंदवहीत गेल्या वर्षी त्या महिन्यात कोणतं टोक वापरलं ते बघा. खुली करण्याआधी मधली रेषा आखलेली हवी.

धावपट्टी आखूड करून चालवायची असेल तर वजाबाकी नीट करा. १,७०० मीटरपैकी ६०० बंद, म्हणून ११०० उरले असं होत नाही. कामाच्या हद्दीपासून ६० मीटरची मोकळी पट्टी आणि ९० मीटरचं टोकाचं सुरक्षा क्षेत्र सोडा. उरतात ९५०. त्यात इथली उंची सुमारे १,९०० फूट. ३८ अंश तापमानाला घनता-उंची (हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची) ५,००० फुटांच्या वर जाते. सेस्ना १७२एस ला समुद्रसपाटीवर प्रमाण हवामानात ५० फुटांचा अडथळा ओलांडायला १,६३० फूट लागतात, तो आकडा इथे धरू नका. विमानाच्या पुस्तकात २,००० फुटांची ओळ आणि ४० अंशांचा रकाना काढा आणि आखूड धावपट्टीवर एकट्याने उडणाऱ्या शिकाऊंना सोडायचं की नाही ते त्यावरून ठरवा.

काठ

हे काम ठेकेदार शेवटच्या दिवशी उरकतो आणि अपघात इथेच होतात. चार सेंटिमीटर थर टाकला की काठाला चार सेंटिमीटरची पायरी तयार होते. बाजूला घसरलेल्या विमानाचं पुढचं चाक तिच्यात अडकतं. मुरूम १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरांत भरा, पाणी मारा आणि शेतकरी म्हणतात तसा वाफसा आल्यावर रोलर फिरवा. ओल्यावर फिरवला तर मुरूम रोलरला चिकटतो, सुक्यावर फिरवला तर वरची कवची दबते आणि खाली पोकळ राहतं. काळी माती भरायला कधीच वापरू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते.

उघडताना

पृष्ठभाग ६० अंशांच्या खाली आला का ते इन्फ्रारेड थर्मामीटरने चार-पाच ठिकाणी मोजा. यंत्रं आणि माणसं बाहेर काढा, गेटवर मोजून घ्या. मग सहा-आठ जणांनी हात-दोन हात अंतराने ओळ धरून पूर्ण लांबी चालायची, परतीला दुसरी बाजू. खडी, खिळे, तारांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्यांची सुतळी, सगळं बादलीत. त्यानंतर गाडीने एक फेरी, दिवे असतील तर लावून दुसरी. टोकांच्या फुल्या सगळ्यांत शेवटी उचला आणि त्याच वेळी नोटॅम रद्द करण्याचा निरोप द्या.

पहिल्या उड्डाणाआधी एखादी फुली विसरलेली दिसली तर धावपट्टी बंदच समजावी, नोटॅम काहीही म्हणो. पहिले आठ दिवस रोज सकाळी काठाचा मुरूम आणि थराचे जोड बघा. ताज्या डांबरावरचा रंगाचा पहिला हात पातळ ठेवा, डांबराचं तेल वर येऊन तो पिवळा पडतो. जाड हात साधारण महिन्याभराने, दव उडाल्यावर, सकाळी नऊनंतर द्या. त्या कामासाठी दोन-तीन तासांची वेगळी बंदी आणि वेगळा नोटॅम लागतो, तो आधीच वेळापत्रकात लिहून ठेवा.