मंद हेडलाइटला आधी पूर्ण व्होल्टेज द्या

इंदुरात सराफ्यातून रात्री घरी परतताना जुन्या स्पोर्ट्स कारच्या हेडलाइटचा मंदपणा जाणवत नाही. तो खंडवा रस्त्यावर, भेरूघाटाच्या वळणांवर जाणवतो. अशा वेळी जास्त शक्तीचे, १००/९० वॉटचे (हाय/लो बीम) बल्ब आणण्याचा मोह होतो, परंतु त्यांमुळे मूळ वायरिंग आणि होल्डर तापून वितळू शकतात. त्याआधी इंजिन चालू ठेवून व दिवे लावून बॅटरीवरील आणि बल्बच्या पिनांवरील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४ व्होल्ट भरले, तर घट केवळ १० टक्के दिसते, पण हॅलोजनचा प्रकाश तेवढ्यानेही सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. उपाय असा की, लो आणि हाय बीमसाठी स्वतंत्र रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) बसवून, बॅटरीजवळ फ्यूज घालून, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने बल्बला थेट पुरवठा द्यावा. जुना स्विच मग केवळ रिले चालवतो. अर्थिंगची, म्हणजे बल्बकडून प्रवाह परत नेणारी, तारही नवीच घालावी. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसणे मला मान्य नाही: प्रकाशाचा उगम फिलामेंटच्या नेमक्या जागी नसला, तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारातच राहतो. शेवटी सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून बीमची उंची तपासावी.