खोडव्यात पाचट जाळू नका, सरीतच कुजवा

वाळवा असो की कराड, ऊस तुटला की फडाला काडी लावायची सवय अजून सुटत नाही. एकरी ३-४ टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, निघतं. जाळलं की त्यातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातं.

खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून (जमिनीत राहिलेल्या खुंटांतून) पुन्हा फुटणारं पीक. तोडणीनंतर लगेच पाचट सरीत ओढून दाबा. बुडख्यांवर एक पातही राहू देऊ नका, नाहीतर कोंब पिवळे, लांबट येतात. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. वरच्या डोळ्यांतून आलेला फुटवा कमजोर असतो.

आता पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा. ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत शेणखतात मिसळून टाका आणि पाणी द्या. युरिया वाचवायला जाऊ नका. पाचटात कर्ब भरपूर, नत्र नगण्य. जिवाणू मग जमिनीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो.

ओल मोडली की कुजणं थांबतं. भारी काळ्या रानात उलट पाणी साचतं, तिथे हलकं पाणी द्या. सुरुवातीला पाणी सरीत अडतं, पाचट बसलं की वाट मोकळी होते. शेजारचा फड पेटणार असेल तर बांधाकडेच्या दोन-तीन सऱ्या आधी भिजवून घ्या.