उंदराची कातडी कापण्याआधी ती नीट बघा

प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पाठीवर टक्कल दिसलं की लगेच जनुकातला दोष ठरवू नका. आधी पिंजऱ्यातल्या सोबत्यांकडे बघा. कातडी गुळगुळीत आहे, लाली नाही, खपली नाही, मिशा मात्र कात्रीने कापल्यासारख्या आखूड आहेत, तर बहुधा सोबत्यानेच केस कुरतडलेत. ज्याच्या मिशा शाबूत, तोच बहुतेक न्हावी!

सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या काळ्या वाणाच्या उंदरात केस भादरल्यावर कातडीचा रंगच बरंच सांगतो: गुलाबी म्हणजे केसांची मुळं विश्रांतीत, करडी-काळी म्हणजे केस वाढताहेत. साधारण ७ आठवड्यांच्या वयात पाठ गुलाबी दिसते. म्हणून तुलनेला नेहमी त्याच वयाचं, त्याच लिंगाचं, शक्यतो त्याच वेताचं भावंड घ्या आणि कातडीचा नमुना दोघांच्या अंगावरच्या एकाच जागेचा घ्या. नाहीतर केसांच्या चक्रातला साधा फरक तुम्हाला रोग वाटेल.

नमुना फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रावणात) तसाच टाकलात तर तो सुरळीसारखा वळतो. जाड कागदावर केसांची बाजू वर ठेवून पसरा, डोक्याची दिशा पेन्सिलने लिहा, मिनिटभर चिकटू द्या आणि मग कागदासकट बुडवा. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप डोक्याकडून शेपटीकडे, केसांच्या दिशेनेच घ्यायचे. आडवे घेतले तर मुळं तिरकी तुटतात आणि वाचताच येत नाहीत.

नखं बहुतेकजण विसरतात. मागच्या पायाची वाढलेली नखं बघाच, कारण मानेवरच्या जखमा त्यांनीच खाजवून चिघळतात.