‘मोठ्यांनी सांगितलंय’ म्हणणाऱ्याशी वाद कसा घालावा

वाद नेमका कशाचा, ते आधी एका वाक्यात ठरवून घ्या. एवढं कोणालाही जमतं.

गाडी अडते ती ‘अमुक साहेबांनी सांगितलंय’ म्हटल्यावर. तेव्हा त्या साहेबांची लायकी काढा, असा सल्ला बरेच जण देतात. तो मुळीच ऐकू नका. मी कित्येक वर्षं तेच केलं आणि घरातली माणसं दुखावली. गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळींच्या बागेत, विहीर खणायची होती. तळहातावर आडवा धरलेला नारळ उभा राहील तिथे पाणी, असं मानणाऱ्या एका नारळवाल्याने जागा सांगितली, आणि काकांच्या ओळखीच्या एका निवृत्त इंजिनियरांनी तिला होकार दिला. मी म्हटलं, “त्यांना काय कळतं?” झालं! पाणी राहिलं बाजूला, अख्खी संध्याकाळ त्या गृहस्थांच्या मानापमानात गेली.

आता माणसाबद्दल मी चकार शब्द काढत नाही. फक्त विचारतो, “काका, त्यांना हे कळलं कशावरून?” शेजारच्या विहिरींना मे महिन्यात किती पाणी असतं ते पाहिलं असेल, तर तो पुरावा, त्यावर बोलता येतं. “त्यांचा अनुभव दांडगा आहे” असं उत्तर आलं, तर तोच प्रश्न पुन्हा, तितक्याच आदराने. आवाज चढला की हरलात. आणि जाणकाराचा शब्द उगाच झटकूही नका. डॉक्टरांच्या निदानामागे तपासण्या असतात, म्हणून त्याला वजन असतं.

मग पडताळणी ठरवा, निकाल कळण्याआधी आणि दोघांच्या संमतीने. १७८४ साली पॅरिसजवळ एका बड्या वैद्याने जर्दाळूचं झाड ‘चुंबकीय शक्तीने’ भारलं; त्याच्यापाशी गेलेल्यावर त्या शक्तीचा परिणाम होतो, असा दावा होता. अमेरिकेचे शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन ज्या तपास समितीत होते, तिने डोळे बांधलेल्या मुलाला एकेका झाडापाशी नेलं. तो बेशुद्ध पडला तो चौथ्या झाडाखाली, आणि ते भारलेलं नव्हतंच. पणजीत ज्यांचा पुतळा आहे ते कांदोळीचे धर्मगुरू आबे फारिया पुढे पॅरिसमध्येच सांगू लागले, की हा परिणाम बाहेरच्या कुठल्या शक्तीचा नाही, समोरच्याच्याच मनाचा आहे.

आम्हीही नारळवाल्याचे डोळेच बांधले. पहिल्या जागेवर चुन्याची खूण केली आणि त्याला पुन्हा फिरवलं. पंचा काकांनाच बांधायला लावा, तुम्ही हात लावू नका. दुसऱ्या फेरीत नारळ उभा राहिला तो पोफळींच्या पलीकडे, खुणेपासून वीस पावलांवर. काकांनी बराच वेळ चुन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “दोरी घे, शेजाऱ्यांच्या विहिरी मोजून येऊ.”