सौनाचा हीटर मागवण्याआधी काच मोजा

अंगणात सौना, म्हणजे घाम काढायची गरम वाफेची खोली, बांधताना हिशोब हमखास हीटरपाशी चुकतो. खोली मोजली जाते, काच राहून जाते. मग तासभर बसलं तरी आत नुसती ऊब.

विजेच्या हीटरसाठी ढोबळ हिशोब असा:

१. आतली लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये घेऊन गुणा. २ × १.८ × २.१ म्हणजे साधारण ७.६ घनमीटर.

२. आता काच. दार, खिडकी, शिवाय आतून लाकूड न लावलेली विटांची किंवा दगडाची भिंत असेल तर तीही. दर चौरस मीटरमागे १.२ घनमीटर वाढवा. ७० सेंटिमीटर रुंद, १.९ मीटर उंच काचेच्या दाराचे १.६ वाढले, एकूण ९.२.

३. एका घनमीटरला १ किलोवॅट. म्हणजे ९ किलोवॅटचा हीटर. काच विसरलो असतो तर ८ चा आणून बसलो असतो!

फोटोत छान दिसते तशी समोरची २ मीटरची अख्खी भिंत काचेची केलीत, तर त्या हौसेपायी ५ किलोवॅट जास्त लागतील. मला तरी लहान खिडकी पुरे वाटते.

मात्र 'असू दे मोठाच' म्हणून फार मोठा हीटरही घेऊ नका. हवा झटकन तापते, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो आणि हीटरवर रचलेले दगड कोमटच राहतात. वाफेसाठी त्यांच्यावर पाणी ओतलं की वाफ होण्याऐवजी ते खाली ओघळतं.