पक्षी दिसत नाही, नुसता ओरडतोय: ओळख कशी पटवायची

जून लागला की सह्याद्रीत रान दाट होतं आणि ढग खाली उतरतात. पक्षी दिसेनासे होतात, पण अनेकांचा विणीचा हंगाम असल्याने बोलतात मात्र भरपूर. अनोळखी आवाज आला की लगेच अ‍ॅप उघडू नका. नाव आधी कळलं की कान तेच ऐकायला लागतो. अर्धा मिनिट गप्प उभं राहून ऐका आणि तो आवाज आपल्याला सुचेल त्या अक्षरांत वहीत लिहा.

एका ओळीत किती अक्षरं, सूर चढतो की उतरतो, वेग किती आणि दोन ओळींमध्ये किती थांबतो, हे आधी टिपा. गोड की कर्कश हे शेवटी. झाडीतून येताना बारीक, उंच सूर आधी विरतात, त्यामुळे तोच पक्षी जवळून आणि लांबून वेगळा वाटतो. लय मात्र टिकते.

पावशा आणि कोकीळ यांची गल्लत नेहमीची. दोघांचाही आवाज पायरीपायरीने चढत जातो आणि एकदम तुटतो, दोघंही रात्री ओरडतात. म्हणून चढ ऐकून ठरवू नका, सूर मोजा. कोकिळाचे दोन, ‘कु-ऊ’. पावशाचे तीन, ‘पेर्-ते-व्हा’, आणि त्यातला मधला सर्वांत लांब आणि उंच. कोकिळाची मादी ‘किक्-किक्-किक्’ असं घाईघाईने ओरडते. ती अनेकांच्या वहीत निराळा पक्षी म्हणून जाते.

तांबट एकाच सुरात ‘टुक टुक टुक’ करतो. घड्याळ लावून मोजा: १० सेकंदांत १८ ते २० ठोके पडतात. त्याच्याच कुळातला कुटुर्गा आधी ‘कुर्रर्र’ करून मग ‘कुटरू-कुटरू’ धरतो. तांबट शोधताना दिशा हमखास चुकते, कारण तो ओरडताना मान फिरवतो आणि आवाज कधी या फांदीवरून, कधी त्या फांदीवरून आल्यासारखा वाटतो. कानांमागे हातांचे द्रोण धरा, हळूहळू वळा आणि आवाज सर्वांत मोठा वाटेल तिथे दुर्बीण लावा. चोच उघडलेली शोधू नका. ती मिटलेलीच असते, प्रत्येक ठोक्याला गळा तेवढा फुगतो.

शीळकरी कस्तुरापुढे ही मोजणी चालत नाही. कुणी माणूस वाट चालताना स्वतःशीच शीळ घालतोय असं वाटावं, इतकी ती भटकी शीळ असते. तिथे जागा आणि वेळ पाहा: ओढ्याकाठ, पुरतं उजाडायच्या आधी.

मग रेकॉर्डिंग. फोन एअरप्लेन मोडवर टाका, फाइल शक्यतो वेव्ह (.wav, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या) स्वरूपात ठेवा, खालचा माइक पक्ष्याकडे करा आणि एक मिनिट हात हलवू नका. ओढा खळाळत असेल तर झाडाचं जाड खोड ओढा आणि फोन यांच्या मध्ये येईल असं उभं राहा. ठिकाण, तारीख, वेळ शेवटी बोला. सुरुवातीला बोलत बसलात तर तोवर पक्षी गप्प होतो.

आता मर्लिन, म्हणजे आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवणारं अ‍ॅप, उघडा. घाटात नेटवर्क नसतं, म्हणून भारताचा पॅक घरीच उतरवून घ्या. त्याने सुचवलेलं नाव झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरच्या दक्षिण भारतातल्या निदान तीन-चार ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहा, कारण एकाच जातीच्या हाकांमध्येही फरक असतो. एकाच झाडावरून मिनिटभरात चार-पाच जातींची नावं आली, तर भृंगराजाचा, म्हणजे लांब शेपटीच्या रानातल्या कोतवालाचा, संशय घ्या. तो पट्टीचा नकलाकार आहे. शहराजवळचा साधा कोतवालसुद्धा शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून शिक्र्याची नोंद करू नये.

तासन् तास चाललेली ‘चिक-चिक-चिक’ बहुधा खारीची असते. दाट रानात वरून येणारा खडखडाट शेकरूचा असू शकतो, आणि रात्रीची एकसुरी टकटक बेडकाची.

ओळख पटवण्यासाठी पक्ष्याला त्याचाच आवाज वाजवून दाखवू नका. प्रतिस्पर्धी आला असं समजून तो घरटं सोडून धावतो; तेवढ्यात अंडी उघडी पडतात. जुळवणी करायचीच असेल तर हेडफोन लावून करा, नाहीतर वहीत प्रश्नचिन्ह ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच झाडाखाली जा.